नाचणाऱ्या बायका

आम्ही होटगीच्या बचत गटातल्या बायका. मागच्या पंचमीला आमच्याकडे एक भांडण झालं, तिथूनच सुरुवात करतो.

तालुक्याला झिम्मा-फुगडीची स्पर्धा होती आणि आमच्यातल्या अकरा जणींनी नावं दिली. दोन दिवसांत तिघी गळाल्या. एकीच्या सासूबाईंनी बैठकीत येऊन कानडीतच सुनावलं. अंगणात खेळा, कोण अडवतंय? पण स्टेजवर, परक्यांसमोर, नंबरासाठी? तुम्ही काय नाचणाऱ्या बायका आहात? सगळ्या गप्प झाल्या. आम्हीही गप्प बसलो, ते अजून खटकतं.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीच्या लेकीनं मोबाईलवर परदेशातली नाचाची स्पर्धा दाखवली. बॉलरूम म्हणतात त्याला. मोठी लाकडी फरशी, तिच्यावर दहा-बारा जोड्या एकदम नाचतात आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत जातात. पुरुषाच्या पाठीवर नंबर, शर्यतीत पळणाऱ्याला असतो तसा. परीक्षक कडेला उभे राहून बघतात. दीड-दोन मिनिटांत एक नाच संपतो, की लगेच दुसरा. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट असे पाच एका गटातले, आणि रुंबा, सांबा, चा-चा-चा असे पाच दुसऱ्या गटातले. पुरुष दिशा ठरवतो आणि बाई बराच वेळ मागे मागे चालते, तेही उंच टाचांवर. आमच्यातली एक म्हणाली, "डोक्यावर घागर दे म्हणावं, मग बघू!"

पण बघता बघता आम्हाला त्यात फुगडी दिसली. फुगडीत पाय जुळवून, हातांची कैची करून दोघी मागे तोल टाकतात. आपला भार दुसरीच्या हातात असतो. एकीनं हात सोडला की दोघी पडल्या. त्या जोड्यांचंही तसंच. एकानं वळायचं ठरवलं की दुसऱ्याला ते न बोलता, अंगातूनच कळलं पाहिजे. त्यासाठी वर्षानुवर्षं त्याच जोडीदाराबरोबर सराव करतात. बघणाऱ्याला गोडी लागते ती त्याचीच. झगमगते कपडे दोन मिनिटांत डोळ्यांना सवयीचे होतात.

आता गंमत ऐका. वॉल्ट्झ हा मुळात ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीकडच्या खेडुतांचा गिरकीचा नाच. तो इंग्लंडच्या राजवाड्यात पोचला तेव्हा १८१६ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रानं आगपाखड केली. बाईपुरुष एवढे जवळ धरून नाचतात, हे सभ्य घरांत शिरता कामा नये, असा सूर होता. म्हणजे सासूबाई तिकडेही होत्या! पुढे शंभर वर्षांनी लंडनच्या नृत्यशिक्षकांनी बसून पावलं ठरवली, नियम बांधले. १९२० साली ब्लॅकपूल गावी मोठा नृत्यमहोत्सव सुरू झाला. ब्लॅकपूल हे समुद्रकाठचं गाव, सुट्टीत तिथे कापडगिरण्यांतले कामगार यायचे. सोलापुरात १८७७ साली 'जुनी गिरणी' निघाली, तिथल्या कामगारांसारखेच ते. आठवडाभर मागावर उभं राहणारी पोरगी शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये जायची. त्या काळी दुसरा विरंगुळा तो काय असणार?

आपल्या जिल्ह्यातही असं घडलं आहे. अकलूजला १९९३ पासून राज्यपातळीवरच्या लावणी स्पर्धा सुरू झाल्या. शंकरराव मोहिते-पाटलांच्या स्मरणार्थ त्या व्हायच्या. लावणी आपल्याकडची जुनीच. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचेच, त्यांच्यावर १९४७ साली सिनेमाही निघाला. पण लावणी बघायला घरंदाज बाई जात नव्हती. स्पर्धा झाली, परीक्षक बसले, पारंपरिक लावणीच हवी असा आग्रह राहिला, आणि बायकाही समोर बसून दाद देऊ लागल्या. नाच तोच, नाचणाऱ्याही त्याच. फरक पडला तो बघणाऱ्यांच्या बसण्यात.

इथे आम्हाला एक कबूल करायचं आहे. "आम्ही तसल्या नाही हो," असं उत्तर त्या दिवशी आमच्या ओठांवर आलं होतं. बरं झालं बोललो नाही. मोडनिंबच्या संगीतबारीतली बाई पायात शेरभर चाळ बांधून रात्र रात्र उभी राहते आणि घर चालवते. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा. तमाशातल्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. त्यांना जे नाव लावतात, ते आम्ही शिवी म्हणून का घ्यावं? हे सासूबाईंना अजून नीट सांगता आलेलं नाही. त्या ऐकत असतील तर एवढंच म्हणतो, तुमच्या फुगडीचा वेग आम्ही लहानपणी पाहिलाय. त्या वयात तुमच्याशी जोडी जमवायला पोरी भांडायच्या.

त्या वर्षी आम्ही आठ जणीच गेलो. नंबर आला नाही. बस फुगडीत आमचा दम तिसऱ्या मिनिटाला सुटला, आणि एका जोडीची लय बिघडली. पुढच्या पंचमीसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सराव आहे. येताना काचेच्या बांगड्या काढून या, पदर घट्ट खोचा. आणि हाताला तेल लावून येऊ नका, पकड सुटते. तीन जागा अजून रिकाम्या आहेत.