घोंगडी, इरले आणि बर्फातले जाकीट



साताऱ्याच्या प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर पोहोचल्या. २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनगंगा शिखरही त्यांनी गाठले. असे ऐकले की शाळेतल्या मुलांनाही हिमालय खुणावतो. मग एखादा विद्यार्थी हिवाळ्यात सोलंगला किंवा गुलमर्गला बर्फावरचे खेळ शिकायला निघतो. सामानाच्या यादीत असते, ‘पाणी न शिरणारे हलके जाकीट’. ते हातात घेऊन बाप विचारतो, “गुरुजी, एवढ्याशा पातळ कापडाने थंडी कशी हो भागायची?”

प्रश्न रास्त आहे. नुसत्या त्या जाकिटाने थंडी भागत नाही. ऊब तयार करते ते आपले शरीर. कपड्याने ती फक्त राखायची. तिचे चोर दोन, वारा आणि ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. आणि ओल काही केवळ आभाळातून येत नाही. घामाच्या रूपाने ती आतूनही येते.

आपले इरले आठवा. जावळी-पाटणकडे भातलावणीला इरले पाठीवर घेतात. पाऊस वर अडतो, खालून वारा खेळतो. त्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद अंगाभोवती गुंडाळून पाहा. तासाभरात माणूस आतून चिंब! इरल्याचे हे काम अंगाबरोबरच्या कपड्याने करावे, अशी या जाकिटाची खटपट आहे. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी झटक्याने ताणली. तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडली. त्यांतून पाण्याचा थेंब जात नाही, घामाची वाफ मात्र जाते. असा पातळ पापुद्रा कापडाला चिकटवला, की झाले जाकीट.

पण यात एक गोम आहे. आत ऊब व दमटपणा आणि बाहेर कोरडी थंडी असेल, तरच वाफ बाहेर पडते. हिमालयात ते साधते. तेच जाकीट आषाढात कोयनेच्या खोऱ्यात घातले, तर बाहेरची हवाच ओथंबलेली. घाम जाणार कुठे? बर्फातही पाठीवर ओझे घेऊन भरभर चढले, की जाकिटाला पेलणार नाही इतका घाम सुटतो. मग माथ्यावर थांबताच वारा लागतो, आणि ओला सदरा अंगाला गारठवतो.

धोका इथे आहे. पोर आधी कुडकुडते. मग हात चालत नाहीत, पाय अडखळतात, बोलणे जड होते, ते गप्प गप्प राहू लागते. ‘दमला असेल’ म्हणून सोडू नका. त्याला आडोशाला घ्या, कोरडे कपडे घाला, ऊब द्या आणि डॉक्टर गाठा.

म्हणून कपडे तीन थरांत घालावेत. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा. सुती गंजीफ्रॉक नको, तो घाम धरून ठेवतो. त्यावर लोकरी स्वेटर. लोकरीचा गुण माणदेशच्या आणि जतच्या मेंढपाळांना कोणी शिकवायला नको. घोंगडी भिजली तरी ऊब सोडत नाही. पण ती जड. पांघरून बर्फावर घसरता येणार नाही. म्हणून लोकर आत ठेवायची आणि जाकीट तिचे छप्पर समजायचे. चढणीला घाम येण्याआधी स्वेटर काढावा, थांबताना हुडहुडी भरण्याआधी घालावा.

जाकीट घेताना शिवणींवर आतून पट्टी आहे का, टोपी आहे का, काखेत उघडझाप आहे का, हे पाहावे. आत स्वेटर मावला पाहिजे. वर पाणी शिंपडले तर थेंब घरंगळावेत. कापड पाणी पिऊ लागले, की वाफेची वाटही अडते. पातळ कापड करवंदीच्या काट्याला टिकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. सारख्याच गरम पाण्याच्या तीन बाटल्या वाऱ्यावर ठेवा. एकीला कोरडे फडके, दुसरीला ओले. तिसरीला ओले फडके आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. दर पाच मिनिटांनी तापमापक लावून मुलांना आकडे फळ्यावर लिहू द्या. कोणती बाटली आधी निवते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल डोंगरावर ओला सदरा अंगावर ठेवणार नाही.