अस्वलाची वाट

हिमप्रदेशातील ग्रिझली अस्वल वसंतात गुहेबाहेर येते आणि शिकारी बर्फावरून त्याचा माग काढतो. जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्याच्या रानात बर्फ नाही. येथील अस्वल हिवाळाभर निजतही नाही. ते वारुळे फोडते, मधाची पोळी हुडकते, पिकल्या फळांखाली फिरते. जुन्या शिकाऱ्यांची आखणी या खुणांवर आणि वाऱ्याच्या दिशेवर चाले. कारण अस्वलाची दृष्टी मंद, घ्राणेंद्रिय मात्र तीक्ष्ण. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार आता गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण ते ज्ञान लोपू नये. रानमेव्याला गेलेला माणूस अवचित समोर आला, तर बिथरलेले अस्वल त्याचा चेहरा फाडते. ताजे उकरलेले वारूळ ओळखणारा वेळीच मागे फिरतो. वृद्धांकडून या खुणा लिहून घेणे, हेही ग्रंथालयाचेच कार्य आहे.