मेंढी आपले कोकरू कसे ओळखते

शेकडो मेंढ्यांच्या कळपात, जेथे आपल्या दृष्टीस सर्व कोकरे एकसारखीच भासतात, तेथे मेंढी स्वतःचे पिल्लू बिनचूक हुडकते, ते मुख्यत्वे गंधस्मृतीच्या बळावर. व्यायल्यानंतर ओले कोकरू चाटीत असता, अवघ्या २ ते ४ तासांच्या अवधीत, त्याचा विशिष्ट वास तिच्या मेंदूत पक्का नोंदला जातो; मग परके कोकरू आचळाशी आले, की ती त्यास निष्ठुरपणे ढुशी देऊन हाकलते. दुरून तिची भिस्त आवाजावर व रूपावर. जवळ आल्यावर मात्र वासच निर्णायक; म्हणूनच जाणते मेंढपाळ मेंढीच्या मृत कोकराचे कातडे पोरक्या पिलाच्या अंगावर चढवितात. ती मेंढी पिलाच्या शेपटीजवळ हुंगते, खातरजमा करून घेते आणि त्यास पाजू लागते. वासाची ही ओळख सुरुवातीलाच पक्की होत असल्याने पशुपालकांनी व्यायलेली मेंढी आणि तिचे कोकरू यांची पहिल्या काही तासांत ताटातूट करू नये.