वय वर्षे पाच, वय वर्षे तीन

पडद्यावर हे चेहरे हातभर उंच दिसताहेत, त्यावर जाऊ नका. मूळ चित्रं जेमतेम साडेपाच सेंटिमीटर व्यासाची आहेत. टोपीत पीस खोवलेला, हात टेकवून बसलेला हा हेन्री ब्रँडन. शेजारच्या गोलात त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स. इंग्लंडमधल्या सफकच्या ड्यूकची ही मुलं. रंगवणारा हान्स होल्बाइन, राजा आठव्या हेन्रीचा चित्रकार.

घोटून गुळगुळीत केलेलं पातळ कातडं खेळायच्या पत्त्यावर चिकटवायचं आणि डिंकात कालवलेले रंग बारीक कुंचल्याने भरायचे, अशी ही रीत. विद्या मूळची पोथ्या सजवणाऱ्यांची. तैलचित्रांत नाव कमावलेला होल्बाइन ती इंग्लंडच्या दरबारात आल्यावर शिकला.

आता अक्षरं पाहा. हेन्रीच्या चित्रावर वय 5 आणि 1535 हे साल, बहुधा जन्माचं. चार्ल्सच्या हातात तर मजकूरच दिलाय: 1541, वय 3, 10 मार्च. आईबापांचं कौतुक असेलच त्यात. पण उमरावाच्या घरात वय म्हणजे वारसाहक्काचा क्रम, आणि या घराला वारसाची फार निकड होती. ड्यूकची आधीची बायको मेरी, राजाची सख्खी बहीण, 1533 मध्ये वारली. तीनच महिन्यांत पन्नाशीला टेकलेल्या ड्यूकने चौदा वर्षांच्या कॅथरिन विलोबीशी लग्न केलं. ती त्याच्याच पालकत्वाखाली होती आणि ठरली होती त्याच्या मुलासाठी! (त्या काळी याचं कुणाला फारसं वावडं नव्हतं, एवढंच म्हणतो.) तो मुलगा पुढच्या वर्षी गेला. त्यानंतर जन्मले हे दोघे.

होल्बाइनने मात्र भावी ड्यूक रंगवले नाहीत. कपडे दरबारी, गाल पोरांचे. चार्ल्सने तो मजकूर असा धरलाय, जणू कुणीतरी ‘हलू नकोस’ म्हणून बजावलंय.

1545 मध्ये बाप गेला आणि दहाव्या वर्षाच्या आतच हेन्री ड्यूक झाला. पुढे दोघे केंब्रिजला, सेंट जॉन्स कॉलेजात शिकायला गेले. 1551 च्या उन्हाळ्यात घामाच्या तापाची साथ आली. गावातून हलवून त्यांना बकडनला, बिशपच्या वाड्यात नेलं. साथ तिथेही पोचली. 14 जुलैला हेन्री गेला, तासाभरात चार्ल्सही. मधल्या त्या वेळापुरता चार्ल्स सफकचा तिसरा ड्यूक होता, आणि वंशावळीत तशी रीतसर नोंद आहे.

पदवी लयाला गेली, पण फार दिवस नाही. त्याच ऑक्टोबरात ती नव्याने मिळाली त्यांच्या सावत्र बहिणीच्या, फ्रान्सिसच्या नवऱ्याला, हेन्री ग्रे याला. त्याची थोरली मुलगी जेन 1553 मध्ये नऊ दिवस राणी झाली. पुढच्या फेब्रुवारीत बापलेक दोघांचाही शिरच्छेद झाला.