जखमी पिल्लाची घरच्या घरी काळजी



मांजरानं झडप घातली किंवा मोठ्या कोंबडीनं टोचलं, की पिल्लू जखमी होतं. अशा पिल्लाला आधी वेगळं काढा. रक्त दिसलं की बाकीची पिल्लं तिथंच टोचत राहतात आणि त्यातच ते दगावतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दोन-तीन मिनिटं हलकेच दाबून धरा. १ लिटर पाणी उकळून त्यात २ लहान सपाट चमचे मीठ घाला. कोमट झाल्यावर कापसानं फक्त जखम पुसा. सगळं पिल्लू भिजलं तर गारठेल. मग पोव्हिडोन आयोडीन लावा.

खोक्यात कोरडं फडकं अंथरून पिल्लू ठेवा. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. एलईडी दिव्यानं ऊब मिळत नाही. तारेचा बल्ब टांगा. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. उथळ भांड्यात पाणी द्या. जखमेवर माशा बसू देऊ नका, अळ्या पडतात.

मांजर चावलं असेल, हाड मोडलं असेल किंवा जखमेला वास येत असेल, तर घरी वेळ दवडू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जखम पूर्ण भरल्यावरच पिल्लू परत कळपात सोडा.