मिठाचा हिशेब आणि रोजची गोळी



कपाशीवर लाल्या आला की तो बांधावरूनच दिसतो. रक्तदाबाचे तसे नाही. तो वाढला तरी बहुतेकांचे काही दुखत नाही. डवरणी चालते, वेचणी चालते. म्हणून माणूस महिनाभर गोळी खातो, बरे वाटले की सोडतो आणि एक दिवस त्याला लकवा मारतो. मग कर्ता माणूस खाटेवर आणि बायको सावकाराच्या दारात.

ही गोळी रक्तदाब आटोक्यात ठेवते, मुळापासून काढत नाही. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो. 'एकदा लागली की सवय लागते' असे पारावर बोलतात. सवय गोळीची नाही, आजारच कायमचा आहे. पाय सुजले, चक्कर आली, तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. आपल्या मनाने बंद करू नका. आणि वेचणीत कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून रोज खाऊ नका. त्यानेही रक्तदाब चढतो.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाच माणसांच्या घरात महिन्याला 750 ग्रॅम झाले. किलोची पुडी 40 दिवस तरी पुरली पाहिजे. तुमच्या घरी किती दिवस पुरते? बैलांचे मीठ वेगळे मोजा, नाहीतर हिशेब चुकेल! आपली ज्वारीची भाकर बिचारी अळणीच असते. मीठ येते ते ठेचा, लोणचे, पापड, सांडग्यांतून आणि वरून घेतलेल्या चिमटीतून. सैंधव आणले तरी रक्तदाबाला ते मीठच. कमी सोडियमचे मीठ मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नको.

कोणी म्हणेल, आम्ही घाम गाळतो, आम्हाला मीठ लागते. लागते, पण ते रोजच्या भाजीतून मिळते. मीठ पार बंद करा असे मी म्हणत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

2017 साली देशात रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला शेजारी वर्धा होता. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्याही गावाजवळच्या केंद्रात आणि एकदम महिन्याच्या, अशी त्याची पद्धत. हे शेतकऱ्याला परवडते, कारण दर आठ दिवसांनी मजुरी बुडवून कोण जाईल? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तेव्हा ही गोळी म्हणजे कोणाचा उपकार नव्हे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब मोजून घ्या. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140 किंवा 90 च्या वर राहिला, तर डॉक्टरांकडे जा. गोळ्या चालू असतील, तर वेचणी सुरू होण्याआधी महिन्याच्या आणून ठेवा. केंद्रात 'साठा संपला' असे उत्तर मिळाले, तर लेखी घ्या आणि ग्रामसभेत विचारा.