घरचा अँप्लिफायर आणि परतीची वाट

एकत्र बसून ऐकण्याची आपल्या गावांना जुनी सवय आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. लोक एका रेडिओभोवती बसत, ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करीत. पण चर्चा व्हायची तर शब्द न शब्द नीट कानी पडला पाहिजे. आजची माझी गोष्ट त्याच गरजेतून निघाली आहे.

पवनेच्या काठी आमचे पुनावळे. आता गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, उंच इमारती उठल्या. तरी संध्याकाळी देवळात हरिपाठाला माणसे जमतातच. मागच्या ओळीला आवाज पोचेना, तेव्हा मंडळी म्हणाली, "गुरुजी, पोरांना वीज शिकवता ना? मग एक अँप्लिफायर करा की आमच्यासाठी!" स्पीकर मंडळाचा होता, वर्गणीतून घेतलेला. लहानसा मिक्सरही होता. मी हो म्हटले आणि शाळेतल्या चार मुलांना हाताशी धरले.

हाय-फाय हा शब्द आपण दुकानात ऐकतो. त्याचा अर्थ मोठा आवाज नव्हे बरं का! फिडेलिटी म्हणजे इमान. आत जसा आवाज गेला तसाच, फक्त वाढून, बाहेर यावा. आपल्या पदरचे त्यात काही घालू नये. हे साधते कसे? पाभर धरणारा माणूस मागे वळून तास सरळ पडतो की नाही ते पाहतो आणि चुकले तर हात सावरतो. अँप्लिफायरही बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश मागे आणून मूळ आवाजाशी ताडून पाहतो. १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला कामावर जाताना, नावेत बसल्या बसल्या ही युक्ती सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली.

आम्ही एलएम १८७५ ही पाच पायांची चिप घेतली. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. पंधरा-शून्य-पंधरा व्होल्टचा, दोन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, आणि ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. यातून अधिक २० आणि उणे २० व्होल्ट मिळतात. मागे आणणारा रोध २० किलोओहमचा आणि त्याच्या जोडीला १ किलोओहमचा. म्हणजे आवाज एकवीस पट वाढतो. चिपच्या पाठीच्या पत्र्यावर उणे व्होल्ट असतात, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवताना मध्ये अभ्रकाचा पापुद्रा ठेवावा लागतो.

आता माझी चूक सांगतो. सारे जोडून झाले आणि उत्साहाच्या भरात मी सरळ मंडळाचा स्पीकर लावला. 'धप्' असा आवाज झाला, जळका वास आला, संपले! मागे आणणाऱ्या रोधाचा डाग कच्चा राहिला होता. मागे पाहायची सोयच तुटली, आणि चिपने वीसच्या वीस व्होल्ट स्पीकरवर सोडले. वर्गणीचा स्पीकर जळाला. मी तो पदरमोड करून भरून दिला. पण मुलांच्या तोंडाकडे पाहवेना, ते दुःख पैशाहून मोठे.

म्हणून हा क्रम लिहूनच ठेवा. पहिल्यांदा वीज द्याल ती साठ वॅटच्या जुन्या, तारेच्या बल्बातून, म्हणजे सिरीज बोर्डातून. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. मग बल्ब काढून, स्पीकर न लावता, स्पीकरच्या टोकांवर मीटर धरा. ५० मिलिव्होल्टच्या आत दिसले तरच स्पीकर जोडा.

दुसऱ्या खेपेस स्पीकर वाचला, पण मागून अखंड गुणगुण! एक म्हातारे टाळकरी म्हणाले, "गुरुजी, ही एकतारी कोण वाजवतंय हो?" सगळे हसले. कोणी चिप बदला म्हणाले, कोणी कपॅसिटर मोठे घाला म्हणाले. मी मुलांना म्हटले, अंदाज नको, वाट अर्धी करीत जाऊ. इनपुटची दोन टोके एकमेकांना जोडली. गुणगुण थांबती, तर दोष मिक्सरकडचा किंवा त्याच्या तारेचा. ती थांबली नाही; म्हणजे दोष आमच्याच पेटीत.

मग कान दिला. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आणि ब्रिजनंतर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतात. शंभराचा स्वर पन्नासाच्या वरच्या सप्तकातला. हरिपाठ म्हणणाऱ्या मुलाने तो चटकन ओळखला. गुणगुण शंभराची होती, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वाटेवरची.

ती कशी आत शिरली? शेताच्या पाटाचे उदाहरण घ्या. मोठ्या वाफ्याचे आणि रोपांच्या लहान वाफ्याचे पाणी एकाच चरातून परत जाऊ लागले, तर मोठ्याचा लोंढा आला की लहानाची पातळी हलते. वीतभर बारीक वायरीचा रोध एक ओहमचा शंभरावा हिस्सा धरा. तिच्यातून एक अँपिअर गेला की १० मिलिव्होल्ट उठतात, आणि एकवीस पट होऊन ते २१० होतात! मी इनपुटची परतीची वायर ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेवर जोडली होती, कपॅसिटर भरणाऱ्या लोंढ्यातच. ती उचलून कपॅसिटरांच्या पुढे एका बिंदूवर आणली. एक किलोओहमच्या रोधाची परतही तिथेच होती. स्पीकरची परत त्याच बिंदूवर स्वतंत्र वायरीने ठेवली. एकतारी थांबली. एका वायरीचे टोक चार बोटे सरकले, एवढेच!

एक सल्ला मात्र आम्ही मानला नाही, आणि तुम्हीही मानू नका. "प्लगची अर्थिंगची पिन तोडा, गुणगुण जाईल," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कधी कधी जातेही. म्हणूनच तो सल्ला घातक. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग असले आणि आत तार सुटून तिला लागली, तर फ्यूज उडतो. पिन तोडली, तर २३० व्होल्ट पेटीवर वाट पाहत बसतात, आणि हात लावणारा एखादा टाळकरी किंवा एखादे पोर असते. आमच्या देवळातल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. आधी वायरमनकडून ते करून घेतले, मगच अँप्लिफायर लावला.

शिक्षक मित्रहो, मुलांना नुसता चालणारा अँप्लिफायर दाखवू नका. न चालणाराही हाती द्या. तो दुरुस्त करताना मुले मोजायला शिकतात, आणि आपली चूक कबूल करायलाही. निदान मी तरी शिकलो.